काचेच्या रकान्यात टिंब नव्हतं

दोन वाजताचं रीडिंग सकाळी सव्वानऊलाच लिहून झालं होतं. व्होल्ट ४१५, अँपिअर ६२, प्रेशर साडेचार, काच ठीक. शेवटी दर्शनाची सही. दोन वाजता दर्शना डहाणूला कॉलेजात बसलेली होती. हे मला माहीत होतं, कारण तसं आमचं ठरलेलंच होतं. दोन वाजता माझ्या पाळीची सही करायला मी वही पुढे ओढली, तेव्हा आकड्यांखाली शाईची टिंबं दिसली. दहाच्या ओळीत, अकराच्या, बाराच्या, एकच्या. सकाळी ती नव्हती. जॅकवेलवर माझ्याशिवाय कोणी आलं नव्हतं. गॅलरीच्या दाराची चावी माझ्या कमरेला होती.

आणि तसली टिंबं देणारं माणूस मी गेल्या पावसाळ्यात माझ्या हाताने पोचवून आलो होतो.

आधी कामाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझं शिक्षण चौथी. रानशेतचा मी. तेहतीस वर्षं धरणावर पंप ऑपरेटर होतो. निवृत्त झालो तरी मला काढलं नाही, कारण त्या एकट्या जागी यायला दुसरं कोणी तयार नव्हतं. कंत्राटावर परत घेतलं.

जॅकवेल म्हणजे धरणाच्या पाण्यात उभी केलेली सिमेंटची गोल विहीर. खालून तिच्यात पाणी शिरतं. वर छत, छताखाली मोटरी. मोटर पाणी उचलते, पाइपातून टेकडीवरच्या टाकीत टाकते, तिथून ते गावांना जातं. काठापासून जॅकवेलपर्यंत लोखंडी पूल. त्याला आम्ही गॅलरी म्हणतो. त्यावर लोखंडी पत्रे बसवलेले. चालताना खाली पाणी दिसतं. जॅकवेलच्या बाजूने तिसरा पत्रा सैल होता. त्यावर पाय पडला की ठण्ण वाजायचा. कोणी येतंय ते आम्हाला तेवढ्यावरून कळायचं.

आत टेबलावर लॉगबुक. दर तासाला डायल बघायचे आणि रीडिंग लिहायचं. एवढंच काम. ऐकायला सोपं आहे. तेहतीस वर्षं करून बघा.

माझं अक्षर म्हणजे कोंबडी चिखलातून गेल्यासारखं. एका साहेबांनी वही माझ्या तोंडावर फेकली होती. तेव्हापासून वही पारूने धरली. पारू माझी बायको. सातवी शिकलेली. आमचं क्वार्टर काठावरच. तेव्हा माझी पाळी दिवसाची असायची. बारा वाजता ती नागलीची भाकर आणि सुकट घेऊन यायची, ठण्ण वाजायचं, आणि पाळी संपेपर्यंत ती टेबलाशी बसायची. मी मोटरीपाशी उभा राहून आकडा ओरडायचो, ती लिहायची. पण लिहून झाल्यावर उठायची, स्वतः डायलसमोर जायची, परत यायची आणि आकड्याखाली बारीक टिंब द्यायची.

मी म्हणायचो, "माझ्यावर भरोसा नाही का तुझा?"

ती म्हणायची, "तू बोललास तो आकडा. मी पाहिलं ते टिंब."

पाहिल्याशिवाय टिंब नाही. हा तिचा कायदा. किती साहेब आले आणि गेले, ते टिंब काय आहे हे कोणी विचारलं नाही. तिला आणि मला ठाऊक होतं. गेल्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. त्यावर मला जास्त लिहायचं नाही.

मग दर्शना आली. झरीची मुलगी. बी.एस्सी. झालेली, सकाळी सहा ते दोनच्या पाळीला कंत्राटावर लागली. माझी पाळी दोन ते दहा. रात्री मोटरी बंद. पहिल्याच आठवड्यात मला म्हणाली, "काका, एक बोलू का? मी एम.एस्सी.ला आहे. केमिस्ट्री. कॉलेज अकरा ते पाच."

मी म्हटलं, "मग इथे कशाला आलीस?"

"फी कोण भरणार? घरात कमावणारी मीच."

"मग कॉलेज सोड."

"हजेरी कमी पडली तर प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. वर्ष जातं. हे शेवटचंच वर्ष आहे काका."

"म्हणजे सकाळी अकरा वाजता तू इथे पण आणि तिथे पण?"

ती हसली. "पगारपत्रकात इथे. हजेरीपटात तिथे."

मला तिचं हसणं आवडलं नाही, पण मुलगी खोटी नव्हती. आणि मी दोन वाजेपर्यंत क्वार्टरमध्ये बसून करणार काय होतो? चुलीकडे बघत बसायचं. भिंतीवर पारूची साडी टांगलेली, ती काढायला हात होत नव्हता. म्हटलं, जा तू. साडेनवापासून मी बसतो.

अडचण वहीची. माझं अक्षर साहेबांना लगेच कळलं असतं. म्हणून दर्शना निघण्याआधी दोनपर्यंतचं रीडिंग लिहून ठेवायची. याला आमच्यात आगाऊ रीडिंग म्हणतात. चूक आहे, पण कुठल्याही पंप हाऊसवर जा, सापडेल. मोटर रोज तेच खाते, तेच देते. आकडे बदलत नाहीत. मग आधी लिहिले काय आणि नंतर लिहिले काय, असं माणूस स्वतःला समजावतं. मी दर तासाला डायलवर नजर टाकायचो. वहीला हात लावत नव्हतो.

निदान मला तसं वाटत होतं.

टिंबं दिसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दर्शनाला विचारलं, "वहीत टिंबं तू देतेस?"

"कसली टिंबं?"

दाखवली. तिने वही तोंडाजवळ नेली. "माशी बसली असेल."

"माशी काय दर तासाला बसते?"

"काका, माझी जीप जाईल," म्हणाली आणि गेली. गॅलरीवर ठण्ण वाजलं. मी मुद्दाम ऐकलं. एकदाच वाजलं.

त्या दिवशी बारा वाजता परत वाजलं.

आमच्याकडे तेव्हा जमीन हलत होती, हे सांगायला हवं. डहाणू-तलासरीच्या लोकांना यात नवल नाही. आधी जमिनीतून सुरुंग फुटल्यासारखा आवाज येतो, मग भांडी वाजतात, मग सगळं गप्प. काही दिवस रोज होतं, मग महिनाभर काही नाही. थंडीत लोक घर सोडून अंगणात प्लास्टिक बांधून झोपले आहेत. पण बाराचा तो आवाज वेगळा. ना गुरगुर, ना हादरा. भर दुपार, वारा पडलेला, धरणाचं पाणी ताटासारखं सपाट. आणि तिसरा पत्रा एकदाच वाजायचा. कोणी हलक्या पायाने यावं तसा. मी बाहेर जाऊन बघायचो. गॅलरी रिकामी. दाराला कुलूप. पत्रा उन्हात तापलेला. परत आत येईपर्यंत बाराच्या ओळीखाली टिंब असायचं.

मी भुताखेताला घाबरणारा माणूस नाही. धरणातून मी स्वतः बुडालेली माणसं काढली आहेत. पण तुम्हाला खरं सांगतो, तेव्हा माझ्या मानेवरचे केस उभे राहिले. आणि दुसऱ्या दिवशी मी बारा वाजायची वाट बघत होतो, हेही खरं.

एके दिवशी लाइन कमजोर होती. बाराला व्होल्ट ३८०. वहीत दर्शनाने नेहमीचे ४१५ लिहिलेले. दोनला वही पाहिली. दहाला टिंब. अकराला टिंब. एकला टिंब. बाराच्या ४१५खाली काही नाही. कोरं.

म्हणजे जे कोण देत होतं, ते पाहून देत होतं.

त्यानंतर मी ठरवलं, समोर बसायचं. दहा वाजता वही उघडून पुढ्यात ठेवली, पाय खुर्चीला अडकवले, डोळे वहीवर. मोटरीची घरघर कानात. खालून विहिरीतून थंड वाफ येते, शेवाळाचा वास येतो. मी हललो नाही. झोपलो नाही. अकराच्या सुमारास पत्रा वाजला, म्हणून एकदा मान वर केली. मान खाली केली तर टिंब होतं. ओलं. बोट लावलं तर शाई बोटाला लागली.

मी मोठ्याने म्हटलं, "पारू?"

विहिरीने माझाच आवाज परत दिला.

हे मी कोणाला सांगितलं नाही. दर्शनाला सांगितलं असतं तर तिने कॉलेज सोडून मला दवाखान्यात नेलं असतं. तिची प्रॅक्टिकल परीक्षा तोंडावर आली होती. सकाळी मोटर चालू करून ती टेबलाशी फॉर्म्युले पाठ करायची. डोळ्यांखाली काळं झालेलं. चार वाजता उठून स्वयंपाक, सहाला जॅकवेल, साडेनऊची जीप, पाचपर्यंत कॉलेज, घरी पोचेपर्यंत दिवेलागण. एकदा ती उभ्या-उभ्या झोपली, हात स्टार्टरवर ठेवून. मी ओरडलो तर म्हणाली, "सॉरी सर." मला सर म्हणाली. कुठल्या जागेवर आहे हेच तिला कळेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी दोनला वही घेऊन बसलो आणि मागची पानं चाळली. टिंबं कधीपासून आहेत ते बघायचं होतं. वीसेक दिवस मागे गेलो. व्होल्टखाली टिंब. अँपिअरखाली टिंब. प्रेशरखाली टिंब. आणि शेवटचा रकाना काचेचा. काच ठीक, काच ठीक, काच ठीक. पान उलटलं. काच ठीक. एकाही काचेखाली टिंब नव्हतं. एकाही दिवशी.

काच म्हणजे काय ते सांगतो. हादऱ्यांनी जॅकवेलच्या भिंतीला आतून भेग पडली होती. गॅलरीचा गर्डर जिथे भिंतीवर टेकतो, बरोबर त्याच्या खाली. साहेबांनी येऊन भेगेच्या दोन्ही बाजूला सिमेंटचा गोळा लावला आणि मधे काचेची पातळ पट्टी बसवली. वर तारीख घातली. भेग जराही सरकली की काच तडकते. डोळ्याला भेग वाढलेली कळत नाही, काचेला कळते. तेव्हापासून वहीत सकाळच्या पाळीला काचेचा रकाना वाढला. बघायला लोखंडी शिडीने आत उतरावं लागतं, बावीस पायऱ्या, पाण्याच्या वर एक अरुंद कट्टा आहे तिथपर्यंत. टॉर्च घेऊन.

पारू अर्धं काम करणारी नव्हती. तिने सगळं पाहिलं आणि काच नाही पाहिली? मला राग आला. आणि मग तिचा कायदा आठवला.

रात्रभर मी सकाळची वाट पाहिली. सहाला दर्शना आली तसं विचारलं, "काच कधी पाहिलीस?"

ती बॅग ठेवत होती. "काच? काच तुम्ही बघता ना, काका?"

"मी? माझे गुडघे बघ. बावीस पायऱ्या मी उतरणार?"

"पण तुम्ही म्हणालात, साडेनवानंतर सगळं मी बघतो."

"डायल! आणि तू सहापासून नऊपर्यंत इथे असतेस, मी समजलो काच तू बघतेस. तूच लिहितेस ठीक म्हणून."

"मी ठीक लिहीत होते, कारण तुम्ही काही बोलला नाहीत."

वीस दिवस तिने लिहिलेलं मी वाचत होतो आणि मी गप्प बसलेलं ती लिहीत होती. मधे काच एकटी होती.

दर्शनाने टॉर्च उचलला. मी म्हटलं, "तुझी परीक्षा आहे आज."

"अकराला आहे. आत्ता साडेसहा वाजलेत." ओढणी कमरेला खोचली आणि शिडीवर पाय ठेवला.

मी वरून दुसरा टॉर्च धरला. तिची चप्पल एकेका पायरीवर वाजत खाली गेली. विहिरीत पाणी काळं दिसत होतं. ती कट्ट्यावर पोचली, भिंतीपाशी वाकली. टॉर्च भिंतीवर खालीवर फिरवत राहिली.

"दर्शना! ठीक आहे का?"

"काका, काच नाहीये."

"नाहीये म्हणजे?"

"अर्धी आहे. अर्धी पाण्यात पडली असेल. आणि भेग..." तिचा आवाज विहिरीत फिरून माझ्यापर्यंत आला. "भेगेत माझं बोट जातंय."

तेवढ्यात पाणी थरथरलं. मधोमध. वारा नाही, मासा नाही. ताटलीतलं पाणी खालून टिचकी मारल्यावर हलतं तसं. मग जमिनीच्या पोटातून ती गुरगुर. मोटरीवरचा पाना खाली पडला.

"वर ये!" मी ओरडलो. आयुष्यात इतका ओरडलो नाही. ती आली, कशी आली मला माहीत नाही, बावीस पायऱ्या तिने दहा केल्या असतील. मी दोन्ही मोटरी बंद केल्या. मोटर बंद झाल्यावर जी शांतता पडते, ती ऐकायची सवय आम्हाला नसते. टेबलावर वही उघडी होती. दर्शनाने ती उचलून काखेत मारली आणि आम्ही गॅलरीवर आलो.

"एकेकाने," मी म्हटलं. "तू पुढे."

ती गेली. ठण्ण. ती काठावर पोचली तेव्हा मी निघालो. ठण्ण. मी अर्ध्यावर आलो, आणि माझ्या मागे तिसऱ्यांदा वाजला.

मी मागे वळून पाहिलं नाही. दर्शना काठावरून बघत होती. तिचा चेहरा मी पाहिला, तेवढं पुरे झालं.

काठावर येऊन साहेबांना फोन लावला. साहेब म्हणजे आमचे ज्युनिअर इंजिनिअर. माणूस तापट, पण कामाचा. म्हणाले, "गॅलरीवर कोणाला सोडू नका. दुसऱ्या साइटवर आहे, साडेदहापर्यंत पोचतो."

दर्शना दगडावर बसली. वही मांडीवर. त्या दिवसाचं पान अजून कोरं होतं, पण मागची वीस पानं भरलेली. प्रत्येकावर काच ठीक आणि तिची सही. आणि काल दुपारी दोनला ती डहाणूला होती, हे कॉलेजच्या हजेरीपटात लिहिलेलं. दोन वह्या शेजारी ठेवल्या की झालं.

मी म्हटलं, "वही आत राहिली म्हणून सांगू. आत कोणी जाणार नाही आता."

ती वहीची पानं उलटत राहिली.

"माझ्या काडेपेटीत काड्या आहेत," मी म्हटलं.

"काका, त्या काचेची तारीख साहेबांना लागेल," ती म्हणाली. "कधी फुटली ते कळायला हवं. शेवटची खरी बघितलेली तारीख या वहीत आहे. मी लागले त्या आठवड्यातली. तेव्हा मी खरंच उतरायचे. त्यानंतरचं सगळं माझं खोटं आहे." वही तिने माझ्या हातात दिली. "जशी आहे तशी द्या. मी परीक्षा देऊन येते. पळून गेले म्हणतील, तर म्हणा येणार आहे."

साडेनऊची जीप आली. ती बसली. मी वही घेऊन झाडाखाली एक तास बसलो. खिशात काडेपेटी होती. मी विडी ओढली, बाकी काड्या शिल्लक ठेवल्या.

साहेब आले. दुर्बिणीने काठावरून भिंत पाहिली, मग वही मागितली. पानं उलटत गेले. कपाळाची शीर उडायला लागली.

"कालचं दोनचं रीडिंग. काच ठीक. कोणी पाहिली?"

"कोणी नाही."

"परवा?"

"कोणी नाही साहेब. वीस दिवस कोणी नाही."

"आणि सही करणारी कुठे आहे?"

"कॉलेजात. परीक्षा आहे. पाचला येणार."

"ड्यूटीवर असताना कॉलेजात?"

"हो. मी पाठवायचो."

"तुम्हाला कळतं का काका, तुम्ही काय केलंत? गर्डर त्या भिंतीवर टेकलाय! तुम्ही रोज त्याच्यावरून जा-ये करताय! एक पोरगी आणि एक म्हातारा पाण्यात गेले असते, आणि माझ्या वहीत काच ठीक!"

मी म्हटलं, "कळतं. म्हणून फोन केला."

त्यांनी पान परत पाहिलं. बोट ठेवलं. "ही टिंबं कसली?"

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी विचारलं. मी म्हटलं, "पाहिलं त्याची खूण. माझ्या बायकोची पद्धत."

"मग काचेखाली का नाही?"

"पाहिली नाही म्हणून."

साहेबांनी काचेचा रकाना बोटाने खालपर्यंत पाहिला. मग वही बंद केली.

पाचच्या पुढे दर्शना आली. साहेबांसमोर उभी राहून सगळं सांगितलं, एक शब्द कमी केला नाही. साहेब म्हणाले, "रिपोर्ट मला वर पाठवावाच लागेल." ती म्हणाली, "हो सर." पेपर कसा गेला हे कोणी विचारलं नाही. ते गेल्यावर मी विचारलं. ती म्हणाली, "नखांत शिडीचा गंज होता. पण द्रावण पहिल्याच खेपेला बरोबर आलं."

मग आम्ही काठाच्या कठड्यावर बसलो. समोर जॅकवेल बंद, पाणी लाल होत चाललेलं. मी तिला टिंबांचं सगळं सांगितलं. पत्रा वाजतो ते, ओली शाई, सगळं. म्हटलं, हसायचं तर हस.

ती हसली नाही. म्हणाली, "काका, गेल्या शनिवारी माझं लेक्चर लवकर सुटलं होतं. मी दीडला आले. गॅलरीचं दार उघडंच होतं, सैल पत्रा ओलांडून मी जॅकवेलच्या दारात उभी राहिले. आतलं दिसत होतं. तुम्ही डायलसमोर गेलात, वाकून पाहिलंत, टेबलाशी आलात. खिशातून पेन काढून टिंब दिलंत."

"मी?"

"तुम्हीच. सगळ्या डायलचं केलंत. आणि बोलत होतात."

"काय बोललो?"

"'पाहिलं, पाहिलं म्हटलं ना,' असं. चिडून. जसं कोणी दोनदा विचारल्यावर आपण बोलतो. आणि मग हसलात."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"कसं सांगणार? किती दिवसांनी हसला होतात."

मी खिशात हात घातला. पेन होतं. टोपण दाताने चावलेलं, लाल दोरा बांधलेला. पारूचं पेन. ते मी माझ्या हाताने तिच्या साडीच्या घडीत, पत्र्याच्या पेटीत ठेवलं होतं. पेटीला कुलूप लावलं होतं. कधी काढलं, मला आजही आठवत नाही. दर्शनाला मी ते पेन दाखवलं नाही. परत खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमाराला मोठा हादरा बसला. आम्ही काठावर लांब उभे होतो. गॅलरीचं जॅकवेलकडचं टोक हातभर खाली बसलं आणि तिरकं राहिलं. साडेनऊ ते दोन मी रोज आत असायचो. वर कोणी नव्हतं. गावांना पंधरा-वीस दिवस टँकरने पाणी दिलं, बायांनी आम्हाला शिव्या दिल्या, त्या बरोबर होत्या.

नंतर साहेबांनी सांगितलं की तिसऱ्या पत्र्याखालचे दोन बोल्ट केव्हाच तुटले होते. गर्डर उन्हाने तापून जरा सरकला की पत्रा आपोआप वाजायचा, म्हणून दुपारी. त्या सकाळी हादऱ्याने हललेला, म्हणून वाजला. मी म्हटलं, हो साहेब, तसंच असणार. लोखंडाचं मला कळतं. पत्रा आम्हाला इतके दिवस सांगत होता, आणि मी दार उघडून बाईमाणूस शोधत होतो.

दर्शनाची नोकरी गेली. माझंही कंत्राट संपवलं. माझं वय झालंच होतं, मला त्याचं काही नाही. तिने उरलेले दोन महिने झरीत मुलांच्या शिकवण्या घेतल्या, कशीबशी फी भरली, आणि नोकरी नसल्यामुळे एकही प्रॅक्टिकल चुकवलं नाही. पास झाली. आता तलासरीत एका कंपनीच्या लॅबमध्ये पाणी तपासते. पेढे घेऊन आली तेव्हा म्हणाली, "काका, तिथे मी रीडिंग लिहिलं की खाली टिंब देते. सगळे विचारतात हे काय."

"मग काय सांगतेस?"

"काकूंची पद्धत."

ती पारूला कधी भेटली नव्हती.

नोकरी आणि शिक्षण एकदम करणाऱ्यांनी मला विचारलं, तर मी एवढंच सांगेन. करा. जमतं. पण माणूस एका वेळी एकाच जागी असतं. दोन जागी असतं ते फक्त वहीत. म्हणून वहीत लिहिण्याआधी उठून बघून यावं, आणि आपलं बघायचं काम दुसरा करतोय असं समजू नये.

पेन आता मी पेटीत ठेवत नाही. खिशातच असतं. दुपारी बारा वाजता मी जेवायला बसतो. आता मी रानशेतला राहतो, जॅकवेल इथून चार कोस लांब आहे, तिथला आवाज इथे येत नाही.